मालनकडची ठेव

आमच्या टेकडीवर कुणाचं डोकं भडकलं की तो शेवटी मालनच्या दारात यायचा, आणि मालन त्याला जेवायला बसवायची. पोरगा कुणाचा तरी कोथळा काढायला निघालेला, डोळे लाल, आणि ही विचारतेय, भात खाशील की भाकरी. मला फार राग यायचा. पालिकेच्या रुग्णालयात आयाबाईची नोकरी करून मी निवृत्त झाले. पोटात चॉपर गेलेली पोरं ढिगाने पाहिली, त्यांच्या अंगाखालच्या चादरी बदलल्या. असल्यांना भाकरी नाही, कानाखाली द्यावी, या मताची मी. पण मालनचं दार माझ्या दारासमोर, मधे दोन हात गल्ली. तिच्या घरात काय शिजतं आणि काय घडतं, ते मला न विचारताच कळायचं.

आमची वस्ती घाटकोपर पश्चिमेच्या डोंगरावर. बरीचशी घरं कोकणातली, गिरण्या बंद पडल्यावर परळची खोली विकून इथे चढून आलेली. मालनचा नवरा दशरथ त्यातलाच. गिरणी गेली, मग वॉचमनकी केली, मग तोही गेला. मालनने पोळी-भाजीचे डबे सुरू केले आणि एकुलत्या एक पोराला, सुबोधला, वाढवलं.

सुबोध मुळात चांगला होता वगैरे मी म्हणणार नाही. सगळ्या आया तसंच म्हणतात. तो तापट होता आणि चॉपर बाळगायचा. गॅसच्या सिलिंडरमागे लपवलेला तो चॉपर मालनने केर काढताना दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा जसा होता तसा परत ठेवला, पोरगा बोंबलेल म्हणून. मग एक दिवस वडापावच्या गाडीवर धक्का लागल्याचं निमित्त झालं आणि सुबोधने एका माणसाला भोसकलं. माणूस गेला. सुबोधला जन्मठेप झाली.

खुन्याच्या आईच्या हातचं कोण खाणार? डब्यांची गिऱ्हाइकं तुटली. मालन दिवसभर दार लोटून बसायची. मी जाऊन चार शब्द बोलायचे, ती हूं हूं करायची. अशाच एका दुपारी सुबोधचा दोस्त राजेश तिच्याकडे आला. शर्टाखाली काहीतरी होतं, ते मलाही दिसलं. मालन उठली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ठेव थंय. हात धू नि जेवूक बस."

त्याने चॉपर काढून जमिनीवर ठेवला. ती त्याला वाढत राहिली. जेवून झाल्यावर पोरगा भिंतीला टेकून रडला आणि रिकाम्या हाताने गेला. चॉपर तिने तांदळाच्या पिंपात टाकला. तांदूळ तेवढा डब्यात काढून घेतला, नाहीतर उरलीसुरली गिऱ्हाइकंही पळाली असती.

तिथून रीत पडली. राजेशने कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. पोरं यायची, हत्यार ठेवायची, जेवायची, जायची. मालन कशासाठी, कुणासाठी, काही विचारायची नाही. कुणी काय ठेवलं ते कुणाला सांगायचीही नाही. आणि एक नियम होता, ज्यावरून माझं नि तिचं कायम वाजायचं. ज्याने ठेवलं त्याने परत मागितलं, तर ती द्यायची. मात्र त्याने स्वतः, दिवसाढवळ्या यायचं, आधी पोटभर जेवायचं आणि मग मागायचं. बहुतेक जण जेवल्यावर मागायचेच नाहीत. पण काही मागायचे, आणि ती पिंपात हात घालून काढून द्यायची.

मी म्हटलं, अगं बाई, उद्या याने कुणाचा मुडदा पाडला तर? तुझ्या हाताने दिलंस ना त्याला?

"मी परत देवचंय नाय असा कळला," ती म्हणाली, "तर उद्या माझ्याकडे ठेवतलो कोण?"

मी आणखी चिडले. पण खरं सांगते, तिच्या त्या पिंपाने टेकडीवरचे खून थांबवले. कारण साधं होतं. कुणी हत्यार ठेवलंय आणि कुणाच्या कमरेला आहे, हे कुणालाच माहीत नसायचं. प्रत्येकाला वाटायचं समोरच्याकडे असेल, म्हणून कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही. बीटवरच्या हवालदाराला कुणकुण होती, पण टेकडी शांत आहे म्हटल्यावर त्यानेही कानाडोळा केला.

वस्तीतल्या प्रज्योतचंही तसंच, समोरच्याची समजूतच त्याला राखत होती. त्याची आई दर्शना एका मॉलमध्ये हाउसकीपिंगला. बाप नाही. पोरगा कुरिअरच्या गोदामात कामाला, अंडरआर्म क्रिकेटचा वेडा. एका मॅचमध्ये आउट की नॉट आउट यावरून खालच्या गल्लीतल्या प्रांजलशी त्याचं वाजलं. प्रांजलने आईवरून शिवी दिली आणि प्रज्योत चॉपर घेऊन त्याच्यामागे धावला. सगळ्या मैदानादेखत प्रांजल चप्पल टाकून पळाला. पुढे कित्येक दिवस पोरं त्याला चप्पल दाखवून हसायची. तो सांगत फिरायचा, याला सोडणार नाही. पण जवळ यायची छाती नव्हती, कारण तो निळ्या मुठीचा चॉपर त्याने डोळ्यांनी पाहिला होता. प्रज्योतने मुठीला बॅटची रबरी ग्रिप चढवली होती, निळी. अख्ख्या टेकडीला ती माहीत होती.

त्याच संध्याकाळी दर्शना पोराची कॉलर धरून त्याला मालनकडे घेऊन आली. चॉपर पिंपात गेला. ही गोष्ट मालन, दर्शना, प्रज्योत आणि समोरच्या दारातली मी, एवढ्यांनाच ठाऊक. खालच्या गल्लीत सगळे समजून होते की तो पोरगा अजून घेऊनच फिरतो. प्रज्योत कामाला जायचा, यायचा, मालनकडे कधीतरी जेवून जायचा. चॉपर त्याने एकदाही परत मागितला नाही.

मग सरकारची एक योजना आली. ज्या वस्त्यांत चाकूहल्ले जास्त, तिथे वस्तीतल्या लोकांनीच ते कमी करायचे आणि शासनाने त्याला अनुदान द्यायचं. एका संस्थेने आमच्या टेकडीसाठी अर्ज केला. संस्थेचा अनिरुद्ध मुलुंडहून स्कूटरवर यायचा. सरळ पोरगा, चिंचेची आमटी ओरपून खायचा आणि ताट स्वतः घासायचा. मी त्याला पहिल्या दिवसापासून टोमणे मारले, त्याने एकही मनावर घेतला नाही. अशा माणसावर रागावता पण येत नाही.

पहिला हप्ता आला आणि खरंच काम झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. समाजमंदिराची बंद खोली उघडली, रंग लागला, कॅरम आले, पोरांशी बोलायला एक समुपदेशक बाई येऊ लागली. पोरं आधी तिची टिंगल करायची, मग तिच्यासमोर तासतासभर बसायला लागली. मालनला नारिंगी जाकीट मिळालं, पाठीवर 'शांतिदूत' छापलेलं. साडीवर ते घालून ती माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी म्हटलं, बाई, तू तर सिग्नलवरची हवालदार दिसतेस. ती हसली. सुबोध तुरुंगात गेल्यापासून ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या हप्त्याआधी वरचे साहेब पाहणीला येणार होते. काम दिसलं तर पैसे, नाहीतर खोलीला पुन्हा कुलूप आणि समुपदेशक बाई घरी. आता आमच्याकडे दाखवायचं काय? खून झाले नाहीत, हेच काम. न झालेल्या खुनाचा फोटो कसा काढणार? अनिरुद्ध मालनकडे जेवणारा, त्याला पिंपाचं माहीत होतं. त्याने चाचरतच विचारलं, काकी, ती हत्यारं पोलिसांच्या स्वाधीन केली तर? कुणाचं नाव नाही, कुणावर केस नाही.

मालनने साफ नकार दिला. "ती दुसऱ्याची ठेव आसा रे बाबा. माझी न्हय." अनिरुद्धने पुन्हा विषय काढला नाही.

पण पाहणीच्या आधी आणखी एक गोष्ट घडली. त्याच राजेशने, ज्याच्यापासून सगळं सुरू झालं, एक दिवस जेवून चॉपर परत मागितला. मालनने दिला. त्याने पार्किंगच्या भांडणात एकाच्या दंडावर वार केला. जखम वरवरची होती, टाके पडले आणि निभावलं. मालन मात्र रुग्णालयाच्या फाटकाबाहेर दिवसभर उभी होती, आत जायची हिंमत नाही आणि घरी यायचीही नाही. मी जाऊन तिला ओढून आणलं. रस्ताभर ती एकच बोलत होती, की सुबोधच्या वेळी उचलला नाही, आता उचलून हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तिनेच अनिरुद्धला फोन केला, सगळं घेऊन जा म्हणून. पिंप रिकामं झालं की कुणाला द्यायचा प्रश्नच उरणार नाही, असा तिचा हिशेब. मलाही तो पटला. सुटलीस बाई एकदाची, असंच मी म्हटलं.

ज्यांची हत्यारं होती त्यांना तिने एकेकाला बोलावून विचारलं. कुणी खांदे उडवले, कुणी हो म्हटलं, एक तर तिच्या पाया पडला. राहिला फक्त प्रज्योत. कंपनीने त्याला त्या महिन्यात पुण्याच्या गोदामावर पाठवलं होतं. मालन म्हणाली, त्याला काय विचारायचं, त्याने इतक्या दिवसांत एकदाही मागितला नाही, तो तर खूशच होईल. तिच्या मते, जो मागत नाही त्याला नको असतं. आयुष्यभर ताटात वाढणारी बाई, तिचा हाच अंदाज. पण प्रज्योत मागत नव्हता, कारण चॉपर पिंपात पडल्या पडल्याच त्याला वाचवत होता.

कार्यक्रम झकास झाला. मांडव, माईक, साहेबांच्या हस्ते मालनला शाल आणि नारळ. टेबलावर पांढरी चादर अंथरून त्यावर चॉपर, सुरे, एक गुप्ती, सगळं ओळीने मांडलेलं. अनिरुद्धने शब्द पाळला, कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. फोटो काढले. त्यात मालन मधोमध, डोक्यावर पदर, आणि पुढ्यात ती सगळी हत्यारं. निळी मूठ बरोबर मधे आली होती.

जेवणं आटपायच्या आत तो फोटो टेकडीवरच्या प्रत्येक मोबाइलवर गेला. आम्हाला कौतुक वाटत होतं. खालच्या गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी निळ्या मुठीभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, 'शेर के दात निकल गए.' हे मला माझ्या भाचीने, पूर्वीने दाखवलं. ती खालीच राहते. ते वाचलं मात्र, मी धावत मालनकडे गेले. मालनने फोन हातात घेतला आणि तो लाल गोल बघून खाली बसली.

प्रज्योत त्या रविवारी परत आला. आईला भेटून थेट मालनकडे. मी तिथेच होते. मालन ताट घ्यायला उठली, तर तो नको म्हणाला. त्या घरात जेवायला नाही म्हणणारा तो पहिलाच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला.

"काकी, एक फोन करायचा होता ना मला."

मालनने काही सांगायचा प्रयत्न केला, तुला नको असेल असं वाटलं, वगैरे. तो म्हणाला, "मला नकोच होता. पण त्यांना वाटायला हवं होतं ना, की माझ्याकडे आहे."

मग तो म्हणाला, आता दुसरा घ्यावा लागेल, कुर्ल्याला मिळतो. हे ऐकल्यावर मालन एकदम पुढे झाली आणि तिने त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "नवीन घेवचंस नाय. खंयचोच नाय. माझ्या गळ्याची शपथ आसा तुका. तू माझो सुबोध होवचंस नाय."

गावी जा काही दिवस, तोवर मी प्रांजलच्या आईच्या पाया पडते, असंही ती म्हणाली. तो म्हणाला, पुण्याहून आत्ताच आलोय, पुन्हा रजा मागितली तर नोकरी जाईल. पण शपथेला त्याने नाही म्हटलं नाही. मान हलवली आणि गेला. मालन खरंच खालच्या गल्लीत गेली. प्रांजलच्या आईने दारातच सांगितलं, माझा पोरगा घरी असतो कुठे, मला काय विचारता.

मंगळवारी प्रज्योत कामावरून येत होता. अजून उजेड होता, नळावर बायका होत्या. पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे प्रांजल बसला होता. बायका सांगतात, त्याने आधी प्रज्योतचा शर्ट वर करून कमर चाचपली. मग भोसकलं.

मी आरडाओरडा ऐकून खाली पोचले तेव्हा पोरगा पायरीवर आडवा होता. ओढणी मागितली, घडी करून जखमेवर दाबली, दोन्ही गुडघे रोवून दाबली. इतकी वर्षं नोकरीत पाहिलं होतं, कुठल्या जखमेतून माणूस वाचतो आणि कुठल्या नाही. हा वाचणारा नव्हता. तरी मी दाबत राहिले, कारण तो माझ्याकडे बघत होता. रिक्षात घालेपर्यंत तो गेला.

प्रांजल पळालाच नाही. चौकीवर म्हणे तो सारखा एकच सांगत होता, मला माहीत होतं, त्याच्याकडे काही नाही.

त्यानंतर मालनच्या दारात एकेक पोरगा येऊ लागला, अगदी नियमाप्रमाणे, दिवसाढवळ्या. ज्यांनी हसत हो म्हटलं होतं तेही आले. कुणी जेवलं नाही. काकी, आमचं परत मिळेल का? आता आम्ही रिकामे आहोत हे सगळ्यांना कळलंय. मालन काय देणार? तिच्याकडे शाल होती आणि नारळ होता. पोरं गेली आणि आता ज्याच्या त्याच्या कमरेला नवं हत्यार आहे. समाजमंदिराच्या खोलीत कॅरमवर बसतानासुद्धा ते मागे हात लावून बघतात. समुपदेशक बाई येते, पण समोर कुणी बसत नाही.

दुसरा हप्ता मंजूर झाला. अहवालाची मुदत खुनाच्या आधी संपत होती, त्यामुळे कागदावर आमच्या टेकडीवर एकही खून नाही. ही बातमी द्यायला अनिरुद्ध आला. संस्थेने त्याच्या कामाचं कौतुक केलं होतं, हे सांगताना तो रडायला लागला. मालनने त्याला पाणी दिलं. तिने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही, मलाही देऊ दिला नाही. जाकीट मात्र घडी करून त्याच्या पिशवीत घातलं.

दिवसकार्य झाल्यावर दर्शना आली. मी मालनकडेच होते, तांदूळ निवडत होते. दर्शना आत येऊन बसली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही हिच्या झिंज्या उपटणार, आणि माझी तयारी होती मधे न पडायची. पण तिला फक्त एक विचारायचं होतं.

"त्या दिवशी सकाळी मी त्याच्या डब्याच्या पिशवीत घरातली सुरी घातली होती," ती म्हणाली. "भाजीची. निदान दाखवायला तरी असू दे म्हणून. रात्री रुग्णालयातून घरी आले तर ती ओट्यावर होती. डबा घेऊन गेला आणि सुरी काढून ठेवली. मला वाटलं, जड झाली असेल. नाहीतर लाज वाटली असेल. पण मनातून जात नाही गं. त्याने का काढून ठेवली?"

मी मालनकडे बघितलं. शपथेचं फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी जन्मभर तोंड मिटून राहिले असते. खोटं बोल, असं मी तिला डोळ्यांनी सांगत होते.

"मी शपथ घातलंय त्येका," मालन म्हणाली. "माझ्या गळ्याची. काय बाळगू नको म्हणून."

दर्शनाने चौकट सोडली. तिला रडू येत नव्हतं, की येऊन गेलं होतं, कोण जाणे. मग ती म्हणाली, "म्हणजे आईचं नाही ऐकलं. तुझं ऐकलं." आणि खाली उतरून गेली.

मी त्यावर खूप विचार केलाय. सुरी असती तर पोरगा वाचला असता, की प्रांजलला मारून सुबोधच्या शेजारच्या कोठडीत जाऊन बसला असता, हे मला सांगता येत नाही. रुग्णालयात मी दोन्ही प्रकारची पोरं पाहिली आहेत. मालनला मात्र खात्री आहे की तो वाचला असता. दर्शनालाही तशीच खात्री आहे. दोघी एकाच नळावर पाणी भरतात, एकमेकींच्या हंड्यामागे हंडा लावतात, आणि बोलत नाहीत.